बाबांच्या नावावरची लँडलाइन फायबरवर नेताना

गावच्या घरचा फोन बाबांच्या नावावर होता. बाबा 2019 मध्ये गेले, बिलं त्यांच्याच नावाने येत राहिली आणि आम्ही ती भरत राहिलो. जून 2022 मध्ये तो फोन बंद पडला आणि नीट सुरू व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मधल्या काळात कुठले कागद लागले, किती पैसे गेले, कुठे ताटकळावं लागलं ते आठवतंय तोवर लिहून ठेवते. ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि घरात अजून तांब्याच्या तारेवरचा फोन आहे, त्यांच्यावर ही वेळ आज ना उद्या येणार आहे.

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल. नंबर टिकवायचा असेल तर जुनं कनेक्शन सरेंडर करू नका. मोबाइलचा नंबर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, लँडलाइनचा आपल्याकडे नेता येत नाही. त्याच कंपनीच्या तांब्यावरून त्याच कंपनीच्या फायबरवर मात्र तो नेता येतो. त्यासाठी खातं चालू हवं, बिल थकलेलं नको आणि अर्ज ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचा हवा. आमचं घोडं या शेवटच्या अटीपाशी अडलं.

घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून आत. वाडी उतारावर आहे आणि मोबाइलची रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यात मिळते, तीही ढग नसतील तर. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, एकटी राहते. एका डोळ्याने कमी दिसतं, त्यामुळे स्मार्टफोन तिने दोनदा हातात घेऊन परत दिला. लँडलाइनची बटणं मात्र तिच्या बोटांना पाठ. गॅसचा नंबर त्याच फोनवरून लागतो, मुंबईच्या नातेवाइकांच्या डायऱ्यांत 02354 पासून सुरू होणारा तोच नंबर आहे. 1989 साली बाबांनी अर्ज केला आणि 1996 मध्ये डिमांड नोट, म्हणजे पैसे भरा असं सांगणारं पत्र, आलं. तोवर आमचा पी.पी. नंबर म्हणजे वाण्याच्या दुकानातला फोन, आणि निरोप आणणारा त्याचा पोरगा. तेव्हा सात वर्षं थांबणं कुणाला फार वाटायचं नाही.

आणखी एक कारण होतं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याने गेलं तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवरही बसले होते, पण हा फोन चालू होता. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची 48 व्होल्टची वीज येते, घरातल्या विजेशी त्याचा संबंध नसतो. हे तेव्हा माहीत होतं असं नाही. फायबर आल्यावर जे हातातून गेलं त्यातून ते कळलं, त्याबद्दल पुढे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला गटार खणताना जेसीबीने केबल तोडली आणि त्याच रात्री पाऊस लागला. तक्रार नोंदवली, एसएमएसने तक्रार क्रमांक आला. हा एसएमएस जपून ठेवा, शेवटी त्याचेच पैसे मिळाले. काही दिवसांनी लाइनमन आले. मी शनिवार-रविवार गावी गेले होते, म्हणून भेट झाली. निवृत्तीला आलेले गृहस्थ, छत्री बगलेत, टेस्टिंगचा फोन खांद्याला. त्यांनी तिठ्यावरच्या खांबाला फोन लावून पाहिला आणि सरळ सांगितलं, "ताई, खोटं कशाला बोलू. जॉइंट पाण्याखाली आहे. पाऊस ओसरल्याशिवाय खड्डा उघडून उपयोग नाही. आणि उघडला तरी पुढची केबल जुनी. आता तांब्याची नवीन केबल कोण टाकतो?"

जाता जाता त्यांनी जी गोष्ट सांगितली ती इतर कुणी सांगितली नव्हती. तार तुटली असली तरी नंबर एक्स्चेंजमध्ये जिवंत असतो. ऑफिसात अर्ज दिला तर त्यावर येणारे फोन दुसऱ्या नंबरवर वळवून देतात. मी तेच केलं. ठाण्याहून सिमवर चालणारा टेबलफोन नेला होता. दिसायला लँडलाइनसारखा, मोठी बटणं, आत मोबाइलचं सिम, दोन हजारांच्या आसपास मिळाला. तो खळ्याकडच्या खिडकीत ठेवला आणि जुना नंबर त्याच्यावर वळवला. कधी आवाज तुटायचा, कधी रिंगच जायची नाही, पण पावसाळा निभावला. वळवलेल्या फोनचे पैसे बिलात लागतात का, ते अर्ज देतानाच विचारून घ्या.

जुलैत पर्याय शोधायला घेतले. वाडीत इंटरनेट आधीच पोचलं होतं, हे मला ठाण्यात बसून माहीत नव्हतं. पूर्वी टीव्हीची केबल देणारा मुलगा आता नेट देतो. एका मोठ्या इंटरनेट कंपनीकडून घाऊक घ्यायचं आणि गावात आपली फायबर ओढून वाटायचं, असा त्याचा धंदा. देवरुखात त्याचं ऑफिस म्हणजे मोबाइलच्या दुकानामागची खोली. तो त्याच वेळी आमच्या टेलिफोन कंपनीचाही भागीदार होता, म्हणजे कंपनीची फायबरसुद्धा शेवटच्या टप्प्यात तोच घरापर्यंत ओढतो. मी दोन्हींचे दर विचारायला लागले तर त्याने मला थांबवलं. "ताई, आधी सांगा, नंबर पाहिजे की नेट पाहिजे?"

नुसतं नेट हवं असतं तर त्याच्याकडचं आठवड्यात मिळालं असतं. जास्त वेगाचं, थोडं स्वस्त, कागद म्हणून फक्त आधार कार्ड. नंबर हवा तर कंपनीच्या दारात जावं लागणार आणि तिथे अर्जदार म्हणून बाबांची सही कोण करणार? तर आधी वारसाच्या नावाने नावबदल, मग फायबर. भाऊ म्हणाला, सोड तो नंबर, दहा लोकांना नवीन कळवू. आईला विचारलं तर ती म्हणाली, "दहा नाहीत, तुम्हाला माहीत नाहीत किती ते." विषय तिथे संपला.

नावबदलाचं काम जिल्ह्याच्या ऑफिसात होतं. आधी फोन करून यादी लिहून घेतली, आणि ते बरं केलं. नावबदलाचा छापील अर्ज, बाबांचा मृत्यूदाखला, आईचं आधार आणि फोटो, शेवटचं भरलेलं बिल, आणि आई सोडून बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. वारस म्हणजे मी आणि भाऊ. मी ठाण्यात, भाऊ वसईला, आणि दोघांनी एकाच नोटरीपुढे सही करायची. अशा वेळी कोकणातल्या माणसाचं कॅलेंडर एकच असतं. 31 ऑगस्टला गणपती होते. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी देवरुखात नोटरीकडे, असं ठरवलं. शंभराचा स्टॅम्प, टाइपिंग आणि नोटरी मिळून सातशेच्या आत काम झालं. तुमच्याकडे वारस जास्त असतील, एखादा परदेशी असेल, तर सगळे एकत्र येतील तो सण पकडा. कागदावर सह्या गोळा करण्यासाठी वेगळी सवड कुणी काढत नाही. मृत्यूदाखल्याच्या जास्तीच्या प्रतीही तेव्हाच काढून ठेवा. बँक, विमा, सातबारा आणि आता फोन, प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात.

ऑक्टोबरात आईला घेऊन एसटीने रत्नागिरीला गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले आणि थांबल्या. बिलावर बाबांच्या नावाची आद्याक्षरं आणि आडनाव, दाखल्यावर पूर्ण नाव. दोन्ही एकच व्यक्ती कशावरून? मला क्षणभर रडूच आलं. एवढ्या लांब आईला आणलेलं, तिचे पाय सुजलेले. पण त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोरच्या गल्लीत टायपिस्ट आहे, "एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र" म्हणा, त्याच्याकडे मजकूर तयार असतो, असं सांगितलं. खरंच होता. फक्त नावं भरायची. म्हणजे माझ्यासारखे रोज येतच असणार. दुपारी अर्ज दाखल झाला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. ही पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तिथेच मी 1996 ची डिमांड नोट आणि अनामत भरल्याची पावती दाखवली. बाबांनी बिलांच्या फाइलीत सगळं लावून ठेवलं होतं. नावबदलात अनामतही आईच्या नावावर गेली. कनेक्शन बंदच करायचं असेल तर अनामत परत मिळते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बंद केल्यापासून 60 दिवसांत ती मिळायला हवी होती. पण पावती असेल तर बोलणं सोपं जातं.

त्याच महिन्यात ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेची, आकडेवारी वाचनात आली. ऑगस्ट 2022 अखेर तारेच्या फोनजोडण्यांत जिओ 73 लाखांवर आणि बीएसएनएल 71 लाखांवर. म्हणजे देशात पहिल्यांदाच खासगी कंपनी या बाबतीत पुढे गेली. 2005-06 च्या सुमारास भारतात लँडलाइन पाच कोटींच्या आसपास होत्या, मग ओसरत दोन कोटींवर आल्या. आता आकडा वाढताना दिसतो तो फायबरमुळे, कारण फायबरवरचा फोनही त्याच खात्यात मोजतात. नेट घेतलं की फोन फुकट येतो, पुष्कळ घरांत तो खोक्यातून बाहेरही निघत नाही. या आकड्यांत आईच्या फोनला आणि त्या खोक्यातल्या फोनला एकच किंमत आहे, याची मला उगाच गंमत वाटली.

नोव्हेंबर संपता संपता आईच्या नावाने एसएमएस आला आणि पुढचं बिल तिच्या नावाचं. तिने ते देवापुढे ठेवलं नाही एवढंच.

डिसेंबरात केबलवाल्या मुलामार्फत फायबरचा अर्ज टाकला. आधी फिजिबिलिटी बघतात, म्हणजे जवळच्या डब्यातून तुमच्या घरापर्यंत वायर ओढता येते का. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेली होती, तिथून पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, वरच्या टोकाला केबलवाल्याचा डबा. डब्यापासून आमचं घर साधारण 350 मीटर. मधे दोन घरांचं आगर आणि एक फणस. वायर खांबांवरून येते, पण शेवटचे दोन टप्पे शेजाऱ्यांच्या झाडांवरूनच होते. त्यांना विचारायला मी स्वतः गेले, केबलवाल्याला पाठवलं नाही. गावात ही परवानगी कागदावर नसते, पण न विचारता वायर गेली तर पुढच्या वर्षी फांदी छाटताना ती बरोबर कोयत्याखाली येते.

खर्च असा झाला: वायरीचे मीटरला 9 रुपये म्हणजे 3,150, मोडेम 1,900, बसवण्याचे 500. प्लॅन 399 चा, 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला 471. तांब्याच्या फोनचं भाडं याच्या निम्म्याने होतं. शहरात बसवण्याचा खर्च बहुधा लागत नाही, खेड्यात अंतराचे पैसे पडतात. केबलवाल्याशी वायरीचा दर मीटरवर ठरवा, "एकरकमी" ठरवू नका.

जानेवारी 2023 च्या मध्यावर दोन मुलं आली, एक शिडीवर, एक खाली. केसाएवढी काच मशीनमध्ये जोडतात ते आईने खुर्ची टाकून पाहिलं. जोडून झाल्यावर एका छोट्या मीटरवर प्रकाश किती येतो ते मोजतात. आमच्याकडे उणे 22 आला. हा आकडा विचारून भिंतीवर तारीख घालून लिहून ठेवा. उणे 27 च्या आसपास गेला की नेट तुटायला लागतं, आणि मग "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असं कुणी म्हणालं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. मोडेमवर लॉस नावाचा लाल दिवा लागला तर वायर कुठेतरी तुटली किंवा मुडपली आहे. मोडेम बंद-चालू करून उपयोग नाही.

नेट त्याच दिवशी चालू झालं. नंबर मात्र तांब्यावरून उचलून फायबरवर टाकायला काही दिवस गेले, आणि त्या दिवसांत तो दोन्हीकडे मेलेला होता. वळवलेले फोनही बंद. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते: नातेवाइकांना आठवडाभराची कल्पना द्या. डोंबिवलीच्या मावशीने काळजीने शेजाऱ्यांना आमच्या घरी पाठवलं होतं.

मग फोन वाजला, पण इकडून लागेना. बाबांच्या वेळचा लाल हँडसेट, बुडाला पल्स आणि टोन, म्हणजे नंबर लावायच्या दोन पद्धतींचं, बटण. ते पल्सवर होतं. फायबरच्या मोडेमला पल्स समजत नाही. बटण टोनवर सरकवलं आणि लागला. मागच्या पडवीत दुसरा फोन होता, तोही घरातल्या जुन्या वायरिंगवरूनच चालवता आला. मोडेमच्या फोनच्या भोकातून वायर त्या वायरिंगला दिली. फक्त त्याआधी बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी घरापाशी पूर्ण सोडवून घ्या. तिच्यात एक्स्चेंजची वीज असू शकते, नवीन मोडेम जाईल. मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबायचा नियम जानेवारी 2021 पासून आहे, तो फायबरवरही तसाच. आईसाठी सगळे नंबर शून्यासकट एकेका बटणावर साठवून दिले.

आता विजेचं. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. लाइट गेली की मोडेम बंद, मोडेम बंद की फोन बंद. आमच्याकडे पावसात लाइट कधी तासाभराने येते, कधी दुसऱ्या दिवशी. मोडेम 12 व्होल्टवर चालतो, त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, आम्हाला तेव्हा दीड हजारात पडला. त्याने तीन-चार तास निघतात. आम्ही तो इन्व्हर्टरच्या प्लगवर लावला, म्हणजे दोन्ही मिळून रात्र जाते. पण एवढं करून भागत नाही. केबलवाल्याच्या टोकाला जी पेटी आहे तिलाही वीज लागते. त्याला स्पष्ट विचारा, तुझ्याकडे बॅटरी किती तासांची? आमचा केबलवाला मुलगा आधी "आहे ना" म्हणाला. मग मी पेटी बघायला येते म्हटल्यावर "मार्चमध्ये नवीन टाकतोय" म्हणाला. टाकली, हे खरं.

फोन बंद होता त्या काळाचं भाडं बिलात लागलेलं होतं. तेव्हाच्या नियमाने बिघाड तीन दिवसांच्या वर राहिला तर भाड्यात सूट मिळायची, पंधरा दिवसांच्या वर गेला तर महिन्याचं भाडं सुटायचं. मागितल्याशिवाय ती आपोआप आली नाही. तक्रार क्रमांक घालून एक पानी अर्ज दिला, फेब्रुवारीच्या बिलात वजा झाली. रक्कम लहान होती, पण आईला फार आनंद झाला. सरकारदरबारी काही मिळालं की तिला होतो.

जून 2023 मध्ये पहिल्या वाऱ्यात पाखाडीवरचा एक आंबा खांबावर आला. आमचा फोन गेला आणि ज्या दोन घरांनी केबलवाल्याचं स्वतःचं नेट घेतलं होतं त्यांचंही गेलं. कंपन्या दोन, पण खांब तेच, वायरी एकाच हुकाला बांधलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं आली, जोड दिला, आकडा उणे 23 झाला. तो भिंतीवर आधीच्या खाली लिहिला. वानरांचा त्रास वेगळाच, ती वायरीवर झोके घेतात. त्यावर उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

खिडकीतला सिमचा टेबलफोन मी काढलेला नाही. त्यात मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलं आहे, ज्याचा टॉवर पलीकडच्या डोंगरावर आहे. रेंज एक दांडी. महिन्याच्या 1 तारखेला रिचार्ज करते आणि त्यावर आईला एक फोन लावून बघते, लागतो का ते.